शिंगाळ्याच्या तोंडातलं कोठार

एक खाडी होती. एका अवसेच्या ओहोटीला, पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना, तिच्यात काय काय आहे ते मोजलं गेलं. छत्रीवाले, म्हणजे माणसं ज्यांना जेलीफिश म्हणतात ते, चारशे बारा भरले. कंगवेवाले एक हजार नव्वद. हे दिसायला छत्रीवाल्यांसारखेच काचेचे, पण घराणं वेगळं. यांच्या अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या केसांच्या आठ रांगा असतात आणि त्या हलवत ते पोहतात. चिंबोऱ्या साठ निघाल्या. शिवल्या, म्हणजे दोन झाकणांत राहणारे जीव, मोजायच्या तर सगळा चिखल उपसावा लागला असता, म्हणून त्या 'पुष्कळ' अशा धरल्या. जवळा अगणित होता. त्याला एरवी कुणी मोजत नाही, मतदानाच्या दिवशी मोजतात. कांदळवनाच्या मुळांत अंड्यांचं सरकारी कोठार होतं. एका शिंपल्यात मावतील तेवढी अंडी मोजून, तसे किती शिंपले भरतील ते पाहून, तिथे नऊ लाख अंडी असल्याचा अंदाज निघाला.

आणि एक शिंगाळा, म्हणजे मिशीवाला मासा, होता. त्याचं नाव बाबल. त्याच्या तोंडात एक्केचाळीस अंडी होती.

शिंगाळ्यांत रीतच तशी आहे. आई गोटीएवढाली अंडी घालते आणि निघून जाते. बाप ती एकेक करून तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही, काही बोलत नाही. सरकारी कोठार असताना हा खटाटोप कशाला, असं बाबलला पुष्कळांनी विचारलं होतं. बाबलच्या आजोबांनी पहिल्या खेपेची अंडी कोठारात ठेवली होती. बाबलला थोरले काका नव्हते.

त्याच्या बिळाशेजारी भागी नावाची चिंबोरी राहायची. बाबल तिला वयनी म्हणायचा, म्हणजे तोंड रिकामं असताना म्हणायचा. आता तो मिशांनी बोलत होता. डावी मिशी हलली तर होय, उजवी हलली तर नाही, आणि दोन्ही एकदम हलल्या तर 'वयनी, विषय बदला'. भागी विषय बदलत नसे.

खाडीची घटना जुनी होती. उमेदवारासाठी तिच्यात एकच अट होती: त्याला विनासायास वर तरंगता आलं पाहिजे. मेंदूचा, हृदयाचा किंवा रक्ताचा उल्लेख नव्हता. घटना करणाऱ्यांना ते इतकं उघड वाटलं असावं की सांगायचं राहून गेलं. छत्रीवाल्यांना या तिन्हींतलं काहीच नसतं. त्यांच्या अंगात शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच असतं, त्यामुळे ते उत्तम तरंगतात आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडून येतात. पिढ्यांचीही त्यांना टंचाई नसते. छत्रीवाल्याचं पोर आधी धक्क्याच्या दगडाला चिकटून बसतं, आणि हंगाम आला की ताटल्यांच्या चळतीसारखं स्वतःला आडवं कापत सुटतं. प्रत्येक ताटली हुबेहूब सारखी. प्रत्येक ताटली इच्छुक.

पूर्वी त्यांच्यावर वचक होता तो कासवांचा. कासवं छत्रीवाल्यांना खातात. पण कासव अंडी घालण्यापुरतं किनाऱ्याला येतं आणि उरलेलं वर्ष समुद्रात हिंडतं. त्यामुळे एका साली रहिवासाचा दाखला मागितला गेला तेव्हा एकाही कासवाला तो देता आला नाही. कासवं परकी ठरली. या निर्णयाचं शिवल्यांनी टाळ्यांनी स्वागत केलं. पाणी जोरात हललं की शिवली भिऊन झाकण मिटते. त्यालाच त्या खाडीत टाळ्या म्हणतात.

मुख्य छत्रीवाल्याचं नाव झुंबरराव. आपला कारभार पारदर्शक आहे, असं ते प्रत्येक सभेत सांगत आणि ते अक्षरशः खरं होतं. झुंबरराव वर तरंगत असले की कोठारातली अंडी त्यांच्या पोटात गोल फिरताना खालून स्पष्ट दिसत.

"लपवाछपवी नाही," ते म्हणत. "या, बघा, मोजा."

एखादा जवळा त्यांच्या लोंबत्या दोऱ्यांना लागून मेला तर चौकशी होई. झुंबरराव स्वतः साक्ष देत. "डंख मी केला नाही. माझ्या अंगावर लाखो डंखपेशी आहेत. एखादी स्थानिक पातळीवर परस्पर सुटते. वरपर्यंत विचारण्याची पद्धत नाही, कारण वर कुणी नाही." हे शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होतं, त्यामुळे चौकशी तिथेच संपे.

त्या साली मात्र तेजोमयीताई कंगवेकर उभ्या राहिल्या. त्यांची घोषणा होती, 'डंखमुक्त खाडी'. त्या पोहू लागल्या की अंगावरच्या आठही रांगांतून सात रंग पळत सुटत. तो उजेड त्यांचा नव्हता. दुसऱ्याचा उजेड कंगव्यांवर पडला की रंग फुटत; अंधारात ताई नेमक्या कुठे आहेत ते कळत नसे. पण जवळा अंधारात सभेला जात नाही. कंगवेवाले डंख करत नाहीत हेही खरं होतं. ते चिकटतात. चिकटलेल्याला ते सदस्य म्हणत. सदस्य थोड्या वेळानं दिसेनासा होई.

भागी ताईंच्या पक्षात होती. रोज भरतीला ती बाबलच्या बिळाशी येऊन प्रचार करायची.

"भावजी, यंदा बदल होणार."

बाबलची उजवी मिशी हलली.

"नाही कसं? बाई डंख करत नाही. आठ रांगा आहेत, त्यातल्या एकीत तरी काही असेल की नाही?"

उजवी मिशी.

"तुमचं आपलं नेहमीचंच. तोंड उघडायचं नाही आणि मिशी वाकडी करायची." मग तिनं आवाज खाली घेतला. "ताईंनी मला कोठाराच्या देखरेखीवर घेते म्हणून सांगितलंय."

बाबलच्या दोन्ही मिशा हलल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी धक्क्यापाशी दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांत हाणामारी झाली आणि तिच्यात भागीचा एक पाय गेला. पुढच्या वेळी कात टाकली की तो परत येणार होता, पण तोवर सात पायांवर भागणार होतं. तिरकं चालण्यात तिचा हातखंडा होता. आता पाऊल मधूनच सरळ पडू लागलं आणि तिला त्याची लाज वाटे. "पक्षासाठी गेला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

मतदान लाटेवर होई. खाडीत लाट सहा तासांनी उलटते, म्हणून ते लवकर आटोपावं लागे. पण त्या दिवशी उधाण होतं. लाटेनं दोन्ही उमेदवार उचलले आणि जुन्या धक्क्याच्या दोन खुंटांमधल्या फटीत नेऊन कोंबले. झुंबररावांची डावी बाजू फाटली, ताईंची उजवी. फाटलेल्या बाजू एकमेकींना दाबून राहिल्या. ओहोटी लागली तेव्हा फटीतून एकच देह बाहेर आला.

शास्त्र सांगतं की असं फक्त एकाच जातीच्या दोन जखमी कंगवेवाल्यांत घडतं. शास्त्राला सत्तेचा अनुभव नाही.

भागीचा विश्वास बसेना. ती खुंटावर चढली आणि तिनं नांगीच्या टोकानं झुंबररावांना जरासं टोचलं.

"कोण ते?" तेजोमयीताई म्हणाल्या.

"ताई, मी भागी. तुमचीच."

"आमची म्हणजे कुणाची?" झुंबररावांनी विचारलं.

भागी खाली उतरली. त्या दिवशी ती बाबलच्या बिळाशी आली आणि नुसती चिखल उकरत बसली. बाबलनं डावी मिशी हलवली, मग उजवी, मग दोन्ही. कशाचाच उपयोग झाला नाही.

"पाय गेला तो नक्की कुणाच्या बाजूनं गेला, एवढंच मला कळत नाही," शेवटी ती म्हणाली.

जोडसरकार आलं. दोन तोंडं होती, पोट एकच होतं. एक खात असताना दुसऱ्यानं बोलावं असं करारात ठरलं होतं, पण दुसरा जास्त खाईल या भीतीनं दोघंही एकदमच खात. सगळं एकाच पोटात जातंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. लक्षात यायला जे लागतं त्याचा उल्लेख वर आलाच आहे. खाल्लेलं पुढे जातं कुठे, असं एका कोळंबीनं विचारलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की कंगवेकर घराण्यात त्यासाठी एक दार असतं, ते गरजेपुरतं उघडतं आणि मग असं मिटतं की खूणही राहत नाही. पाहणीसाठी समिती गेली. दार सापडलं नाही. समितीनं तसा निष्कर्ष काढला.

कोठार मात्र लवकर उतरू लागलं. मुळांतले शिंपले एकेक करून रिकामे झाले आणि जोडसरकारनं खाडीसभा बोलावली.

सभेचं कामकाज शंखोबा बघायचा. तो गोगलगाईच्या सोडलेल्या शंखात राहणारा खेकडा होता. त्याच्या नोकरीत पाच सरकारं बदलली होती आणि त्यानं पाच शंख बदलले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा प्रशस्त. त्यानं ठराव सांगितला.

"ठराव पहिला. एक खाडी, एक कोठार. खाजगी ताब्यातली सर्व अंडी सुरक्षिततेसाठी सरकारी कोठारात जमा व्हावीत. हरकत असल्यास हरकतदारानं स्वतः हजर राहून स्वतःच्या तोंडानं सांगावी. गप्प राहणं म्हणजे संमती."

खाजगी ताब्यात अंडी असलेला खाडीत एकच जण होता. सगळी सभा त्याच्याकडे वळली.

"माझ्या जवळाबांधवांनो, भगिनींनो," झुंबरराव म्हणाले, "आणि ज्यांचं अजून ठरायचं आहे अशा कालवांनो." कालव आधी नर असतं आणि मग मादी होतं, म्हणून खाडीतले सभ्य वक्ते एवढी काळजी घेतात. "एक बाप एकटा, उपाशीपोटी एक्केचाळीस पोरांचा भार वाहतोय. सरकारला हे बघवत नाही."

"बघवत नाही," ताई म्हणाल्या.

सभा हळहळली. पाणी हललं. शिवल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हरकत आहे," भागी म्हणाली.

शंखोबानं शंखातून डोळे लांब केले. "कुणाची?"

"बाबलभावजींची. ती बघा, उजवी मिशी. अख्खी सभा बघतेय."

"मिशी म्हणजे तोंड नव्हे."

"तोंडात पोरं आहेत हो त्यांच्या."

"मग पोरांनी सांगावं."

"अंड्यात आहेत ती."

"सज्ञान नाहीत, म्हणून सरकार काळजी घेतंय," शंखोबा म्हणाला. "नियम आहे."

बाबलकडे बोलण्यासारखं नव्हतं असं नाही. इतके दिवस मुकाट राहून त्यानं मनात एक भाषण तयार केलं होतं. नऊ वाक्यं होती. पहिलं आजोबांबद्दल होतं, दुसरं कोठाराबद्दल, आणि नववं असं होतं की ते ऐकल्यावर शिवल्यांनीसुद्धा झाकणं उघडली असती. तोंड मोकळं झालं की पहिल्याच सभेत ते म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण तोंड मोकळं व्हायला अजून तीन आठवडे होते, आणि शंखोबा सभेला विचारत होता, "हरकत नाही ना? नाही ना?"

बाबलला नऊ वाक्यं नको होती. एक शब्द पुरला असता. त्यानं जीभ टाळ्याला लावली, ओठ जरासे विलग केले आणि 'न' म्हणायला घेतला.

तीन अंडी बाहेर पडली. ती बोटभरही खाली गेली नसतील. झुंबररावांच्या दोऱ्या कुठून आल्या तेही दिसलं नाही. क्षणात ती तिघं पारदर्शक पोटात गोल फिरू लागली. बाबलनं तोंड मिटलं. आपलीच पोरं त्याला तिथे स्पष्ट दिसत होती.

"नोंद व्हावी," शंखोबा म्हणाला. "संबंधितानं तीन अंडी स्वेच्छेनं जमा केली. हरकत अपूर्ण. ठराव मंजूर. उरलेली अडतीस अल्पोपहारानंतर."

खाडीसभेची प्रथा होती की ठराव मंजूर झाला की सरकार कोठारातून अल्पोपहार घेई. कार्यकर्त्यांनी राहिलेल्या शिंपल्यांतला एक वर आणला. दोन्ही तोंडं एकदम उघडली आणि एकदम भरली.

बाबल बिळाकडे वळून पाहत होता. बीळ लांब होतं. दोऱ्या त्याहून लांब होत्या.

"शंखोबा," भागीनं विचारलं, "सभा चालू आहे ना?"

"बरखास्त झालेली नाही. म्हणजे चालू आहे."

"मग ठराव दुसरा घ्या."

"मांडणार कोण?"

"मी. भागी. पाय सात, नांग्या दोन, इथलीच रहिवासी." ती एका खुंटावर चढून बसली. "बाबल शिंगाळ्याचं तोंड हे सरकारी कोठाराची शाखा धरावं. अंडी आहेत तिथेच जमा समजावीत. सरकारची हरकत असेल तर सरकारनं स्वतः, स्वतःच्या तोंडानं सांगावी."

सभा वर पाहू लागली. सरकारनं ऐकलं होतं. झुंबररावांच्या दोऱ्या ताणल्या गेल्या, ताईंच्या आठही रांगा उलट्या दिशेनं फिरू लागल्या. पण तोंडात घेतलेलं टाकायचं तर दुसऱ्यानं आधी टाकावं, असं दोघांनाही वाटत होतं.

"हातवारे करतंय सरकार," एक कोळंबी म्हणाली.

"हातवारे म्हणजे तोंड नव्हे," शंखोबा म्हणाला. तो भागीच्या बाजूचा नव्हता. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. बाजू घेऊन त्याला पाच शंख मिळाले नव्हते. पण पहिला ठराव मंजूर होऊन घटकाही झाली नव्हती आणि त्यातला नियम त्याला तोंडपाठ होता. तो थांबला. त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही तोंडं गिळत होती.

"गप्प राहणं म्हणजे संमती. ठराव मंजूर."

जोडसरकार रागानं थरथरलं. पाणी हललं. शिवल्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारनं जाहीर केलं की 'घरपोच कोठार' ही योजना मुळात सरकारचीच होती. बाबलच्या बिळावर शेवाळाचं तोरण लागलं. शाखा कोठारपाल म्हणून त्याच्यासमोर रोज वाटीभर जवळा ठेवला जाऊ लागला. त्याला तो खाता येत नव्हता. त्याच्या वतीनं भागी खायची.

"ताजा आहे हो," ती सांगायची. बाबलच्या दोन्ही मिशा हलायच्या.

तीन आठवड्यांनी अडतीस अंडी फुटली. बाबलनं तोंड उघडलं आणि अडतीस पिल्लं बाहेर आली, घाबरली, परत आत शिरली आणि पुन्हा बाहेर आली. भागीनं दोनदा मोजली. सगळी होती. तिला रडू आलं असतं, पण चिंबोरीचे डोळे दांड्यांवर असतात. तिनं ते नुसतेच आत ओढून घेतले.

आता प्रश्न आसऱ्याचा होता. कोठार उपसून कांदळवनाची मुळं उघडी पडली होती आणि उघड्या पाण्यात बोटभर पिल्लू दोन दिवस टिकत नाही. खाडीत सावली अशी एकाच ठिकाणी उरली होती. छत्रीच्या खाली, दोऱ्यांच्या मधोमध, लहान मासे बिनधोक राहू शकतात. दोऱ्यांना अंग लागू द्यायचं नाही एवढं जमलं पाहिजे. बाहेरचा मोठा मासा तिथे येत नाही. वरून पडलेलं उष्टंही मिळतं. सरकारनं कळवलं की शाखा कोठारातल्या पिल्लांना छत्रीखाली प्राधान्य आहे.

बाबल दोन दिवस बिळाबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो पिल्लांना घेऊन वर गेला आणि एकटा परत आला.

"लागली का हो सगळी?" भागीनं विचारलं.

"लागली, वयनी," बाबल म्हणाला. इतक्या दिवसांनंतरचे ते त्याचे पहिले शब्द होते.

"कायम?"

"अंग लागू दिलं नाही तर कायम."

पुढच्या अवसेला खाडीसभा भरली. शंखोबा नव्या शंखात होता. त्यानं ठराव सांगितला.

"चिंबोऱ्या चिखलावर चढतात, कोरड्यावर चालतात आणि दिवसाचा काही भाग पाण्याबाहेर असतात. सबब त्यांचा रहिवास सिद्ध होत नाही. त्या परक्या समजाव्यात. ज्यांच्याविषयी ठराव आहे त्यांना त्यावर बोलता येणार नाही. इतर कुणाची हरकत असल्यास स्वतः, स्वतःच्या तोंडानं."

भागीनं शेजारी पाहिलं. बाबल तिथेच होता. वाटीभर जवळ्याची बरीच जेवणं झाल्यामुळे तो आता जरा भरला होता. त्याला नऊही वाक्यं अजून पाठ होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली.

बाबलनं वर पाहिलं. झुंबरराव त्या दिवशी अगदी त्याच्या डोक्यावर तरंगत होते. छत्रीखाली, दोऱ्यांच्या मधोमध, अडतीस पिल्लं शिस्तीत गोल फिरत होती. त्यांतल्या एकानं बापाला ओळखून शेपटी हलवली. एक दोरी त्याच्या अंगाजवळून गेली.

भागी बाबलच्या तोंडाकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "शंखोबा, हरकत आहे. उजवी मिशी हलतेय."

"मिशी म्हणजे तोंड नव्हे," शंखोबा म्हणाला.

त्या ओहोटीला खाडीची पुन्हा मोजणी झाली. छत्रीवाले तीन हजार नऊशे साठ. कंगवेवाले अकरा हजार दोनशे. कोठारातली अंडी: एक शिंपला, अर्धा भरलेला. चिंबोऱ्या: शून्य. सभेला हजर शिंगाळे: एक. त्याच्या तोंडातली अंडी: शून्य. आलेल्या हरकती: शून्य.